हालचाल झाली

तिसा नदीने कधीतरी कूस बदलली
आणि हा फाटा मागे राहिला.
नकाशावर त्याचं नाव मेलेलं पाणी.
पहाटे साडेचारला त्यात नाव लोटताना
बेडूक असे कोकलत असतात
की मेलं कोण, असं विचारावंसं वाटतं.

बोर्बाला पुढे, फळीवर पालथी,
कॅमेरा पाण्यापासून वीतभर वर.
मी मागे, वल्हं धरून. माझं काम न हलणं.
तिचं वय अडुसष्ट, गुडघ्याला पट्टा.
सोल्नोकच्या इस्पितळात एकतीस वर्षं
तिने लोकांच्या छातीचे एक्स-रे काढले.
शिशाच्या पडद्यामागून तीच तीन वाक्यं:
श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा.

आता ती ते स्वतःलाच सांगते, ओठांतल्या ओठांत,
कारण बोरूवर झोपलेल्या टाचणीला
उच्छ्वाससुद्धा वारा वाटतो.

दव आहे तोवरच हे जमतं.
पंख ओले, अंग गार, उडायचं बळ नाही;
तरी ती काडीमागे सरकते,
आपण डावीकडे तर ती उजवीकडे.
अंग काडीएवढंच, सगळं लपतं,
डोळे तेवढे दोन बाजूंना उरतात,
खांबाआड लपलेल्या पोराच्या कोपरांसारखे.

माझ्या भाषेत हिला टाचणी म्हणतात, मी सांगितलं
आणि बिलांना लावलेली टाचणी काढून दाखवली.
बोर्बाला हसली नाही.
शाळेत एक काचेची पेटी होती, म्हणाली,
तिच्यात अशीच होती, अशाच टाचणीने टोचलेली.
निळा रंग पार उडालेला.
मग म्हणाली, आम्ही हिला सितॉक्योतो म्हणतो,
चाळण विणणारी.
का, ते तिलाही ठाऊक नव्हतं.
पण पंख पडद्यावर मोठा केला
आणि मला आईची सपिटाची चाळण दिसली,
घरांना घरं लागलेली,
एका कोपऱ्यात गडद ठिगळ.

नऊला ऊन चढलं.
शिंगाड्याच्या पानांवर निळ्या जोड्या उतरल्या.
नर मादीची मान धरून खुंटीसारखा ताठ उभा.
ती देठाला धरून पाण्यात शिरली,
शिरत राहिली, पार बुडाली.
अंगाभोवती हवेचं चंदेरी अस्तर.
नराने सोडलं, शेजारच्या पानावर बसून राहिला.

बोर्बालाने घड्याळ बघितलं. सवय.
चार मिनिटं. नऊ.
खाली कुठेतरी देठ चिरून अंडी ठेवणं चाललेलं.
सोळाव्या मिनिटाला मी मनात आशा सोडली.
नर दुसऱ्या नरांना हुसकत होता
पण त्या पानापासून लांब जात नव्हता.

"माझ्या टेबलावर वीस सेकंद कुणी धरत नसे,"
ती कॅमेऱ्यावरून डोळा न काढता म्हणाली.
"वेन्देलने बारा धरला. शेवटच्या वेळी."
वेन्देल कोण, ते मला माहीत होतं.
वल्ह्यावरून थेंब पडू नये म्हणून मी मनगट वळवलं.

तेविसाव्या मिनिटाला ती वर आली,
बुचासारखी उसळून, आडवी,
पंख पाण्याला चिकटलेले.
खालून काहीतरी रुंद आणि पितळी वळलं.
नर झेपावला. मान पकडली. ओढलं.
सुटली. पुन्हा ओढलं.
तिसऱ्यांदा दोघं हवेत.

क्लिक झालं? झालं.
पण त्याच क्षणी बोर्बाला मोठ्याने हसली,
भरल्या छातीने,
आणि नाव हलली, मीही हललो.

पडद्यावर एक निळी रेघ, एक भुरकट रेघ,
पाणी तिरपं.
इस्पितळात अशा फोटोवर ती शिक्का मारायची:
हालचाल झाली, पुन्हा घेणे.

वहीत तारीख घातली, वेळ, पाण्याचं तापमान.
हालचाल झाली, असं लिहिलं,
स्वल्पविराम दिला,
आणि पेनाचं टोपण चावत बसली.

मग पाव काढला, धुरावलेली चरबी, एक कांदा,
आणि चाकू माझ्या हातात दिला.
काप, म्हणाली.
आता कितीही हललास तरी चालेल.